मास्तरांचं पाणी

गळती शोधण्याचं काम मास्तरांनी स्वतः मागून घेतलं. तेव्हा त्यांचा चेहरा, भाचीच्या म्हणण्याप्रमाणे, बिनविरोध अध्यक्ष झालेल्या माणसासारखा दिसत होता.

प्रकरण साधं होतं. कापड रंगवायला पाणी लागतं, आणि मास्तरांच्या रंगशाळेला ते जरा जास्तच लागत होतं. किलोभर सुती कापडामागे नव्वद लिटर. पाणीखात्याचं पत्र आलं: तीन महिन्यांत पन्नासच्या आत या, नाहीतर जोडणी तोडू. रंगशाळा ताईंची, म्हणजे मास्तरांच्या थोरल्या बहिणीची. रंगाचा कारभार मास्तरांचा. आणि ताईंची मुलगी रसायनशास्त्र शिकून नुकतीच प्रयोगशाळेत बसू लागली होती. प्रयोगशाळा म्हणजे जिन्याखालची खोली, जिच्यात पूर्वी झाडू ठेवत.

भाचीने दोन महिन्यांत सगळी रीत पालटली. कमी मिठात कापडाला घट्ट धरणारे रंग आणले. शेवटच्या धुण्याचं बऱ्यापैकी स्वच्छ पाणी गटारात न सोडता टाकीत साठवायचं आणि पुढच्या घाण्याच्या पहिल्या धुण्याला वापरायचं, असं ठरवलं. मास्तरांच्या सांगण्याप्रमाणे हे सारं त्यांच्या मार्गदर्शनाखाली झालं. म्हणजे ते शेजारी उभे राहून मान हलवत होते. कागदावर आकडा पंचेचाळीस येत होता. मीटर मात्र अडुसष्ट दाखवत होतं.

कुठेतरी पाणी मुरतंय, असं मास्तरांनी जाहीर केलं, आणि मोहीम सुरू झाली.

पहिल्या आठवड्यात त्यांनी हात धुण्याच्या मोरीतले नळ बदलून असे नळ बसवले की, हातावरचा साबण जायला जेवणाची सुट्टी पुरेना. दुसऱ्या आठवड्यात अंगण खणलं. त्यात एक सांगाडा झालेली छत्री आणि पूर्णपणे धडधाकट पाइप निघाला. मग जमिनीला काठी लावून गळती ऐकणारा एक नळवाला आणला. त्याने तासभर काठीला कान लावला आणि खालून यंत्रांचा आवाज येतो, असं निदान केलं. यंत्रं वरच, दहा पावलांवर चालू होती.

शेवटी मास्तरांनी सूचनाफलकावर नोटीस लावली: पाणी वाया घालवताना जो कोणी सापडेल, तो पद कोणतंही असो, त्याच दिवशी यंत्रांपासून दूर केला जाईल. "पद कोणतंही असो" हे शब्द त्यांनी खास स्वतःच्या अक्षरात घातले होते. त्यांचा रोख हिशेबनीसावर होता. तो पेला दोनदा विसळून पाणी पीत असे.

इकडे भाचीने प्रत्येक यंत्रावर वेगळं मीटर बसवलं आणि आठवड्याभराचा तक्ता मामांच्या हातात ठेवला. पाइपचा दोष नव्हता. यंत्राचं ठरलेलं काम संपून ते थांबलं की, पाच-सात मिनिटांनी पाणी पुन्हा सुरू होत होतं, ते दहा-बारा मिनिटं वाहत होतं. प्रत्येक घाण्याला साडेचार हजार लिटर.

"म्हणजे कोणीतरी हाताने सोडतंय," मास्तर म्हणाले. त्यांना मनापासून आनंद झाला. पाइपला रागावता येत नाही.

भाची म्हणाली, "शोधा मग, मामा. तुमचा हातखंडा आहे." आणि ती का हसली, हे तेव्हा त्यांच्या लक्षात आलं नाही.

त्यांनी हजेरीपट घेतला, तक्त्याशेजारी ठेवला आणि लाल पेन्सिलीने एकेक नाव खोडायला लागले. सकाळपाळीचे गेले, कारण पाणी संध्याकाळीही वाहत होतं. संध्याकाळचे गेले, कारण ते सकाळीही वाहत होतं. हिशेबनीस आठवडाभर तापाने घरी होता, ही बातमी त्यांना विशेष लागली. सगळी नावं खोडून झाली. एकच धागा उरला: बारा तारखेला जादा पाणी थेंबभरही वाहिलं नव्हतं. त्या दिवशी मास्तर दाढ काढायला गेले होते.

आता कोणाही शहाण्या माणसाच्या डोक्यात इथे उजेड पडला असता. मास्तर पदवीधर होते. त्यांनी वहीत लिहिलं: आरोपीचा माझ्यावर डूख आहे. माझ्या माघारी तो सरळ वागतो.

वही काखेत घेऊन ते नुकत्याच थांबलेल्या तीन नंबरच्या यंत्राशी गेले. तिथे पैलवान होता. पैलवानाचं वजन ओल्या कपड्यांसकट पन्नास किलो भरलं असतं, पण यंत्र चालवण्यात त्याचा हात धरणारं कोणी नव्हतं, आणि तो बावीस वर्षं तिथेच होता. मास्तरांनी त्याला बाजूला घेतलं, आवाज खाली आणला आणि विचारलं, घाणा संपल्यावर पाण्याच्या या चाकाला हात कोण लावतं? नाव बाहेर जाणार नाही.

पैलवानाने आधी त्यांच्याकडे पाहिलं, मग चाकाकडे. मास्तरांनीही पाहिलं. चाकावर एक हात होता. तो त्यांचा होता. चाक दोन आटे फिरलं होतं आणि पाणी सुरू झालं होतं.

"तुम्हीच, मास्तर."

पाणी वाहत राहिलं.

"आम्ही त्याला मास्तरांचं पाणी म्हणतो," पैलवान समजुतीने म्हणाला. "नवा माणूस आला की पहिलं हेच शिकवतो. यंत्र थांबलं तरी कापड काढायचं नाही, मास्तरांचं पाणी व्हायचंय."

"मग इतके दिवस बोलला का नाहीस?"

"तुम्हाला ठाऊक नाही, हे आम्हाला कुठे ठाऊक होतं?"

या सवयीचं मूळ अठ्ठावीस वर्षांपूर्वीचं होतं. तेव्हा त्यांनी एकट्याच्या जबाबदारीवर पहिला घाणा काढला होता, लाल चादरींचा. त्या चादरी एका हॉटेलात पोचल्या, टॉवेलांसोबत धुतल्या गेल्या आणि हॉटेलातले झाडून सगळे टॉवेल गुलाबी झाले. वडील आठ दिवस त्यांच्याशी बोलले नाहीत. नवव्या दिवशी बोलले, तेव्हा हे आठ दिवस किती सुखाचे होते, ते मास्तरांना कळलं. त्यानंतर मनाच्या समाधानासाठी एक पाणी जास्त, असं त्यांनी ठरवलं. पुढे समाधान आलं आणि गेलं, टॉवेलही लोक विसरले, हात तेवढा कामावर राहिला.

त्या दुपारी त्यांनी भाचीचं गणकयंत्र मागून घेतलं. साडेचार हजार, गुणिले दिवसाचे घाणे, गुणिले अठ्ठावीस वर्षं. उत्तर पाहून त्यांनी ते टेबलावर उपडं ठेवलं.

मग फलकावरची नोटीस उतरवून ती ताईंपुढे नेऊन ठेवली. ताईंनी चष्मा लावून ती सावकाश वाचली, जणू पहिल्यांदाच वाचत होत्या.

"सही तुझीच आहे," त्या म्हणाल्या.

मास्तर म्हणाले, म्हणूनच आलोय. पद कोणतंही असो. यंत्रं सोडून आणखी काय येतं आपल्याला, हा विचार त्यांच्या मनात आला. परवा तपासणी आहे, ती होऊ दे, तुझं मग बघू, एवढंच ताई म्हणाल्या.

मधल्या दिवशी मास्तरांनी सवय सोडली. सोडली कशी, हे ते पैलवानाला रंगवून सांगत असतानाच पैलवान खोकला, आणि त्यांनी चाकावरून हात उचलला. संध्याकाळपर्यंत पैलवानाला पाच वेळा खोकला झाला. भाचीने त्याला घसा शेकायला सांगितलं.

तपासणीला पाणीखात्याच्या एक बाई आल्या. हातात फळी, फळीवर छापील फॉर्म. भाचीने मुद्दाम गडद निळा रंग घेतला होता, कारण धुताना सगळ्यात जास्त छळतो तोच. घाणा चालू झाला. मास्तरांनी दोन्ही हात पाठीमागे नेऊन एकाने दुसरा धरला. शेवटचं धुणं झालं. काचेच्या झरोक्यातून पाणी जाताना दिसलं. ते स्वच्छ नव्हतं. कपड्यांना नीळ द्यावी, इतपत निळं होतं. यंत्र थांबलं.

बाईंनी सगळ्यांकडे पाहून, जो वयाने आणि मिशीने जबाबदार वाटला त्याला विचारलं, "झालं का?"

सगळे मास्तरांकडे बघू लागले. अठ्ठावीस वर्षं झालं की नाही हे तेच सांगत आले होते. त्यांना टॉवेल दिसले. गुलाबी नव्हे, या वेळी निळे.

"मला विचाराल तर नाही झालं," ते म्हणाले. "पण मला विचारू नका. तिला विचारा."

भाचीने कापडाचा तुकडा काढला, त्यावर ओलं पांढरं फडकं ठरल्याप्रमाणे दहा वेळा घासलं आणि मापाच्या पट्टीशेजारी धरलं. फडक्यावर निळी सावली होती, पण ती शोधावी लागत होती. पाचपैकी चार, ती म्हणाली, साडेतीनला चालतं. मास्तरांनी फडकं खिडकीशी नेलं, उलटं केलं, सुलटं केलं आणि कोणी न सांगता परत आणून दिलं. मीटरवर किलोमागे शेहेचाळीस लिटर होते.

बाईंनी आकडा लिहिला आणि पान उलटलं. गेल्या महिन्यात अडुसष्ट का होते? गळती कुठे होती?

ताई म्हणणार होत्या की, यंत्रात बिघाड होता. तसं त्यांनी तोंडही उघडलं. पण मास्तर आधी बोलले.

"मीच होतो. सवयीने पाणी सोडत होतो. कळलं नाही."

यंत्रांचा आवाज बंद असल्याने हे सगळ्यांना ऐकू गेलं. हिशेबनीसाला तर फार नीट.

बाईंनी फॉर्मवर बोट फिरवलं. "तसा रकाना नाही इथे. पाइप आहे, टाकी आहे, झडप आहे, जोड आहे. कशात घालू तुम्हाला?"

मास्तरांनी प्रामाणिकपणे विचार केला. "जोड लिहा."

"जुना की नवा?"

"जुना."

"बदलला का?"

याचं उत्तर त्यांच्या हातात नव्हतं. त्यांनी ताईंकडे पाहिलं. ताईंनी चष्मा पुसला, परत लावला.

"नाही बदलला," त्या म्हणाल्या. "आवळून घेतलाय. चालेल अजून."

बाईंनी तसं लिहिलं आणि पाण्याची जोडणी वर्षभर चालू ठेवायचा शिक्का मारला.