जुलैतलं माप

पुलाचं नाव बक्षिसाच्या शेवटच्या यादीत आलं असं कळलं त्या दिवशी मी डबासुद्धा उघडला नाही. कंटाळा आला होता. चार वर्षं उन्हातान्हात उभं राहून नदीच्या तोंडाशी काँक्रीटचा पूल बांधला, त्याच्या लांब गाळ्यांचे फोटो दिल्लीपर्यंत गेले, आणि मला मात्र त्याच्याकडे बघवत नव्हतं.

कारण माप माझं होतं. होड्या जायला पुलाखाली किती उंची ठेवायची, हे ठरवायला मी जुलैत रेवदंड्याजवळच्या कोळीवाड्यात गेले होते. होड्या किनाऱ्यावर ओढून शाकारलेल्या. सगळ्यांत उंच कुठली, असं विचारलं. धर्माजी तांडेलांनी आपली दाखवली आणि मी टेप लावला. पावसाळ्यात डोलकाठ्या काढून ठेवतात हे त्यांनी सांगितलं नाही. ते कुणाला सांगावं लागतं, असं त्यांच्या मनातही आलं नसेल. मी माणगावकडची, भातशेतीतली. त्यांच्या पडवीत आडव्या टांगलेल्या काठीवर कपडे वाळत होते. ती डोलकाठी होती हे मला पूल झाल्यावर कळलं.

आता उधाणाच्या भरतीला काठी पुलाला अडते, आणि ओहोटीला तोंडाशी पाणी नसतं. होड्या बाहेर चार-चार तास ताटकळतात, बर्फ वितळतो, मासळी नरम पडते. साहेबांना सांगितलं, तर म्हणाले, आधी बक्षीस पदरात पडू दे, मग बघू. होड्यांना कसलाही अडथळा नाही, असं अर्जात लिहिलं होतं. खाली सही माझी.

परीक्षक नेमके उधाणाच्या दिवशी पाहणीला येणार होते. मी त्यांच्या नावे पत्र लिहिलं. चूक माझी, माप जुलैतलं. बढती गेली तर गेली, एकदाचं मोकळं तरी वाटेल.

भरती पुरती चढली होती. आम्ही पुलाजवळच्या धक्क्यावर उभे असताना धर्माजींची होडी आली आणि सरळ पुलाखालून गेली. मागून दुसरी, तिसरी. परीक्षकांनी टाळ्या वाजवल्या. साहेबांनी माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही.

होडी लावून धर्माजी आले. हे कसं जमलं, मी विचारलं. सगळ्यांनी डोलकाठ्या कापल्या, म्हणाले, पाच-पाच फूट. आता काठीवरची कप्पी पुरेशी उंच राहत नाही, जाळं ओढायला दोन माणसं जास्त लागतात, पण मासळी तरी ताजी घरी येते. आवाजात राग नव्हता. असता तर मला बरं वाटलं असतं.

“पूल काय कापता येतो, बाय?” ते म्हणाले. “आता तुमचा माप बराबर हाय.”

मी पत्र परीक्षकांच्या हातात दिलं, आणि काठ्या कापल्याचंही सांगितलं. त्यांनी सावकाश वाचलं, पुलाखालून जाणाऱ्या होडीकडे बघितलं.

“मग प्रश्न मिटलाच की, मॅडम,” ते म्हणाले, आणि कागद घडी करून मला परत दिला.