तुटलेला धवला

धवला मधेच तुटला.

रोडपालीच्या मांडवात, समृद्धीच्या हळदीला, देवांना लग्नाचं आवतण द्यायच्या ओळीवर भामा आली आणि तिच्या छातीवर कुणी पाटा ठेवावा तसं झालं. कळ जबड्यापर्यंत चढली. तोंड उघडं राहिलं, पण आवाज फुटेना. धवलारीण म्हणजे आगऱ्यांच्या लग्नातली भटजीच. तिने धवला, म्हणजे लग्नविधीचं गाणं, म्हटल्याशिवाय हळद लागत नाही, आणि एकदा सुरू केलेला धवला मधे तोडायचा नसतो, हे इथल्या शेंबड्या पोरालाही माहीत असतं. पंचक्रोशीतली निम्मी लग्नं भामाच्या गळ्यावर लागलेली. आज तोच गळा दगा देत होता, आणि सगळा मांडव तिच्याकडे बघत होता.

"भामाबाय, फुडं?" नवरीची आई म्हणाली. ते विचारणं नव्हतं, दटावणं होतं.

"मना दुकतंय गो," भामा कशीबशी बोलली.

पुरुषांच्या खुर्च्यांमधून तिचा थोरला मुलगा हरेश उठून आला. उलव्याच्या बांधकामांना रेती-खडी पुरवणारा हरेश, पांढराशुभ्र शर्ट, गळ्यात साखळी. चारचौघांत आपली आई अशी बसलेली त्याला बघवेना.

"आये, हितं पन चालू केलंस?" तो दबक्या आवाजात म्हणाला, आणि मग सगळ्यांना ऐकू जाईल असं, "काय नाय हो, अँजिओग्राफी केलीय तिची. सगला नॉर्मल हाय."

नॉर्मल! हा शब्द ज्याने काढला त्याला आठवडाभर भामाच्या छातीत राहायला पाठवायला हवं होतं.

कुणीतरी मोबाइलवर धवला लावला. हळद लागली, हसणंखिदळणं सुरू झालं. भामा पाण्याच्या पिंपाशेजारी खुर्चीवर घाम पुसत बसून राहिली. तिच्याच रागातला, तिच्याच चालीतला धवला मोबाइलमधली कोण कुठली बाई न थांबता गात होती.

या 'नॉर्मल'ची गोष्ट गेल्या पावसाळ्याच्या आधीची. तेव्हाही असंच दुखलं होतं, म्हणून हरेशने तिला मोठ्या हॉस्पिटलात नेलं, हातातून नळी घालून तपासणी झाली. डॉक्टर आले ते हरेशशी बोलले. पलंगावर भामा होती, दुखत भामाला होतं, पण तिच्याकडे त्यांनी ढुंकूनही पाहिलं नाही.

"ब्लॉकेज नाही. तिन्ही नळ्या एकदम क्लीन. गॅस असेल, टेन्शन असेल. या वयात बायकांना होतं असं."

हरेशचे डोळे भरून आले होते, हे खरं. त्याचा जीव आहे आईवर, नाही असं नाही. हॉस्पिटलातून तो थेट गावदेवीकडे गेला. बोललेला नवस फेडला, कोंबड्याचा मान दिला, भावकीला जेवण घातलं. मोबाइलच्या स्टेटसवर आईचा फोटो टाकला, खाली 'आई एकदम फिट'. आणि इथेच सगळं फसलं. देवीचा मान दिला म्हणजे दुखणं गेलं. गेलेलं दुखणं परत सांगितलं म्हणजे देवीला खोटं पाडलं. त्याच संध्याकाळी देवळाच्या पायऱ्या चढताना भामाची छाती भरून आली, तिने हरेशचा हात धरला, तर तो म्हणाला, "आये, मान दिलाय. आता दुकतंय म्हनू नको, देवी कोपंल."

मग भामाने म्हणणं सोडलं. पण छातीने काही सोडलं नाही. पाण्याची कळशी उचलली की कळ, जिना चढला की कळ, आणि सगळ्यात जास्त कळ गाताना. ओव्याचं पाणी पी, कुशीवर झोप, जपमाळ ओढ, असे सल्ले देणाऱ्यांची मात्र घरात रीघ. एकदा तर तिलाच वाटायला लागलं की आपण खरंच नाटकं करतो की काय. या गोष्टीचा तिला पुढे सगळ्यात जास्त संताप आला.

रोडपालीच्या हळदीनंतर दोन घरांनी धवलारीण बदलली. तोंडावर कोण काय बोलतंय! 'तुमची तब्येत सांभाळा भामाबाय' एवढंच. घरात धाकट्या प्रितमचं लग्न तोंडावर आलेलं. जेवताना हरेश म्हणाला, "प्रितमच्या हलदीला मोबाइलवरचाच लावू. रिक्स नको. पावन्यांम्होरं तुटला तर काय इज्जत रायली?"

भामाने ताटात हात धुतला आणि उठली.

सून मनिषा हे सगळं बघत होती. ती फारशी बोलत नसे, पण दुसऱ्या दिवशी साड्या बघायला म्हणून तिने सासूला रिक्षात बसवलं आणि नवीन पनवेलला डॉक्टर ऋचांकडे नेलं. तरुण बाई, केस वर बांधलेले. तिने मनिषाला बाजूला बसायला सांगितलं आणि खुर्ची भामाकडे वळवली.

"मावशी, नेमकं काय करताना दुखतं?"

भामा बघतच राहिली. आजवर हे कुणी विचारलं नव्हतं.

"गाताना," ती म्हणाली, आणि तिला एकदम रडू कोसळलं.

डॉक्टरांनी रडू दिलं. मग समजावलं. त्या तपासणीत दिसतात फक्त मोठ्या नळ्या. त्यांना फुटणारे बारीक फाटे फोटोत दिसतच नाहीत. तिथे गडबड असेल तर मोठी नळी कितीही साफ असली तरी हृदयाला रक्त पुरत नाही. ते बघायचं तर नळीत बारीक तार घालून रक्ताचा प्रवाह मोजावा लागतो, आधी शांत असताना आणि मग औषध देऊन. चांगल्या हृदयात प्रवाह तिपटीच्या आसपास वाढतो.

भामाचा बाप मिठागरावर राबलेला. खाडीला भरती असूनही बारीक पाट गाळाने बुजले की आतले वाफे कोरडे राहतात, हे तिने लहानपणी पाहिलं होतं. तिला लगेच समजलं.

हरेशला कळलं तेव्हा त्याने घर डोक्यावर घेतलं. "परत नली घालनार? देवीचा मान दिलाय आपन! लोक काय म्हनतील?"

"लोकांच्या छातीत घालायची नाय, माज्या छातीत घालायची हाय," भामा म्हणाली. "आनि सही मीच करनार."

तपासणीच्या टेबलावर औषध सुरू झालं आणि छातीवर तोच पाटा, जबड्यात तीच कळ. भामा ओरडली, "हीच! हीच ती! हिलाच तुमी गॅस म्हनत व्हते!" डॉक्टरांनी पडद्यावरची रेघ बघितली, तिच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाल्या, "बरोबर आहे मावशी. दिसतंय मला."

बाहेर आल्यावर त्या हरेशसमोर भामाशीच बोलल्या. "प्रवाह तिप्पट व्हायला हवा होता, तुमचा दीडपटही झाला नाही. ज्यांचा प्रवाह असा वाढत नाही त्यांना पुढच्या काही वर्षांत हृदय कमकुवत होण्याचा, अटॅकचा धोका इतरांपेक्षा बराच जास्त असतो. घाबरवत नाही, पण लपवणारही नाही. आजपासून औषधं नीट घ्यायची."

"मंग गानं बंद ना डॉक्टर?" हरेशने विचारलं.

"गाऊ देत. पण बसून. आणि दुखलं की तिथल्या तिथे थांबायचं, गोळी जिभेखाली ठेवायची. दाबून पुढे गायचं नाही."

थांबायचं. म्हणजे धवला तोडायचा. भामाला हसू आलं, कडू हसू.

 परत येताना गावदेवीपाशी हरेशने गाडी थांबवली. "आये, उतर. परत बोलतो देवीला. मोठा मान देईन."

भामा जागची हलली नाही.

"कशाला? देवीनी सांगितलेलं तुला मी नॉर्मल हाय म्हनून? तिच्या नावानी माजं तोंड शिवलंस तू. मी मरत व्हती आनि तू भावकीला कोंबडं खायला घालत व्हतास!"

"मना काय म्हाईत आये? डॉक्टरच बोलला."

"डॉक्टर कागदावरचं बोलला. मी तुज्या कानात सांगत व्हती!"

 हरेशने स्टिअरिंगवर डोकं टेकलं. भामाला त्याची दया आली नाही. यायला हवी होती कदाचित, पण आली नाही.

"प्रितमच्या हलदीला मीच गानार," ती म्हणाली. "आनि मी थांबंन तवा कशाला थांबली ते तू सांगायचास. सगल्या मांडवाला. रोडपालीला सांगितलंस ना, तसाच."

प्रितमच्या हळदीला मांडव खचाखच भरला होता. भामा पाटाशेजारी खुर्चीवर बसली. नऊवारी, नाकात नथ, कनवटीला गोळीची डबी. तिने धवला उचलला आणि बायका गप्प झाल्या. आवाज पूर्वीचा नव्हता, पण चाल तीच, ठाव तोच. प्रितमच्या गालांना हळद लागू लागली.

देवांना आवतण द्यायच्या ओळीवर पुन्हा कळ आली. पूर्वीची भामा ओठ चावून पुढे रेटत गेली असती. ही थांबली. अर्ध्या ओळीवर. डबी काढली, गोळी जिभेखाली ठेवली आणि हात मांडीवर ठेवून ताठ बसून राहिली.

"तुटला गो धवला," मागून कुणीतरी म्हातारी पुटपुटली. कुजबुज मांडवभर पसरली. नवरीकडचे पाहुणे एकमेकांकडे बघू लागले. कुणी तरी मोबाइल काढला.

भामाने हरेशकडे पाहिलं. डोळ्यात विनवणी नव्हती. राग होता, तसाच्या तसा.

हरेश उठला. पांढराशुभ्र शर्ट, गळ्यात साखळी. 

"मोबाइल ठेवा तो," तो म्हणाला. आवाज चिरकला. "माज्या आयला दुकतंय. खरंच दुकतंय. लय दिवस दुकतंय. मीच आयकलं नाय. थांबा सगली."

मांडव थांबला. हळदीची वाटी हातात धरलेल्या करवल्या होत्या तिथेच उभ्या राहिल्या. भामा डोळे मिटून कळ ओसरायची वाट बघत होती, आणि प्रितमच्या गालांवरची हळद हळूहळू वाळत चालली होती.