बसायला जागा

पीठ मळून झालं होतं, खड्डा खणून झाला होता, आणि ऐनवेळी शांतादेवीनं नाही म्हटलं.

त्या कणकेचा बसलेला माणूस करायचा, त्याच्या डाव्या तळहातावर बसवेशचं इष्टलिंग ठेवायचं आणि मूठमाती द्यायची, असा मार्ग मठाच्या अय्यांनी, म्हणजे जंगमांनी सुचवला होता. लिंगायतांत गेलेल्या माणसाला निजवत नाहीत. जन्मभर गळ्यात वागवलेलं लिंग हातात देऊन बसवून पुरतात. पण बसवेशचा देह घरी आलाच नव्हता. तो हिमालयात, बर्फाच्या एका भेगेत होता, आणि काढायला गेलेली माणसं हात हलवत परत आली होती. लिंग तेवढं घरी आलं होतं.

वडील गुरुपादआप्पांनी कोल्हापूरच्या लक्ष्मीपुरीतलं भुसारी दुकान बंद ठेवलं होतं. भाऊबंद अंगणात ताटकळत उभे होते. आणि ही बाई परातीसमोरून उठली नि म्हणाली, "पिठाचं पोर मी न्हाय जलमाला घातलं. माझ्या पोराचं लिंग त्याच्या हातात जाईल, न्हायतर कुणाच्याच न्हाय."

भाऊबंद गेले. खड्डा बुजवला. एवढ्या कणकेच्या चपात्या करायचाही कुणाला धीर होईना, गाईला घातली. आप्पा त्यानंतर तिच्याशी बोलायचे ते मीठ, पाणी आणि गिऱ्हाईक एवढंच.

लिंग घरी आणलं होतं मीरासाबनं. तो आणि बसवेश शिरोलीच्या एमआयडीसीत एकाच फौंड्रीत कामाला. आठवडाभर वितळलेल्या लोखंडासमोर भाजून निघायचं आणि सुट्टीला कुठला तरी डोंगर चढायचा. देवानं दिलेले पाय झिजवून परत करायचेत काय रे, असं शांतादेवी विचारायची, आणि दोघांच्या डब्यात दशम्या भरून द्यायची. अठ्ठ्याण्णव सालच्या जूनमध्ये ही पोरं एका मंडळाबरोबर हिमाचलातल्या एका उंच खिंडीत गेली. त्या खिंडीला नाव होतं, पण शांतादेवीनं ते कधी तोंडातून काढलं नाही. ती नुसतं 'वर' म्हणायची.

शेवटच्या चढाच्या पहाटे मीरासाबला विरळ हवा बाधली. डोकं धरून ओकत तो तंबूत पडला होता. बसवेशला छातीवरून दोर आवळायचा होता, आणि गळ्यातली लिंगाची चांदीची डबी बरगडीत रुतत होती. त्यानं ती काढली, रुमालात गुंडाळली आणि दुपारी घेतो म्हणून मीरासाबच्या हातात दिली. खिंड चढून झाली. उतरताना जागा सपाट दिसली म्हणून सगळ्यांनी दोर सोडले, आणि बसवेशच्या पायाखालचा बर्फ खचला.

तो रुमाल घेऊन मीरासाब दारात आला तेव्हा आत येईना, बसेना. दुसऱ्याच्या लिंगाला हात लावायचा नसतो हे त्याला या घरात जेवून जेवून माहीत झालं होतं.

"अव्वा," तो म्हणाला. बसवेश आईला कर्नाटकाच्या सीमेकडच्या रिवाजानं अव्वा म्हणायचा, म्हणून हाही म्हणायचा. "मी धरायला नगं हुतं. पर खाली ठिवू कुठं?"

वर्षभर शांतादेवी सकाळी दोन लिंगांची पूजा करायची, आधी आपलं, मग पोराचं. मीरासाब रविवारी यायचा आणि उंबऱ्याजवळ बसून जायचा. गावात त्याला एकच प्रश्न असायचा, तू कसा काय राहिलास? डोंगर सोडाच, तो रंकाळ्याच्या कडेनंही फिरायला जात नव्हता. एका रविवारी शांतादेवीनं चहाबरोबरच त्याला सांगितलं की मला वर ने. तो नाही म्हणाला, पुढच्या रविवारी नाही म्हणाला, त्याच्या पुढच्या रविवारी आलाच नाही. मग तीच त्याच्या घरी गेली.

"मी सोता वर गेलेलो न्हाय, अव्वा. तंबूतच हुतो की."

"मग बरंच हाय. दोघं बी नवीन."

मीरासाबची आई मेहरुन्निसा आतून म्हणाली, घेऊन जा तिला. तू नाही नेलंस तर ती एकटी जाईल आणि तुझ्या माथ्यावर आणखी एक माणूस बसंल.

मग तयारी. शांतादेवी बावन्न वर्षांची, दुकानाच्या गल्ल्यावर बसून अंगानं सुटलेली. पहाटेच्या एसटीनं ती जोतिबाच्या पायथ्याला जायची आणि कॅनव्हासचे बूट घालून डोंगर चढायची. सुरुवातीला अर्ध्या वाटेत बसून बुटांना शिव्या द्यायची. पुढं बुटांचं आणि तिचं जमलं. साडीखाली तिनं बसवेशची गरम पँट चढवून पाहिली, तेव्हा शेजारची धोंडुबाई दारातून म्हणाली, "शांताक्का, तालमीत नाव घातलंस काय?" शांतादेवी म्हणाली, घालणार होते, पण वस्ताद म्हणाला आधी धोंडुबाईला पाडून दाखव. दोघी हसल्या, आणि हसता हसता धोंडुबाईनं पदर तोंडाला लावला.

तिनं दोन्ही डब्यांचे जुने दोरे काढून नवे काळे गोफ ओवले, एकाच दुकानातले, तुटू नयेत म्हणून जाडजूड. बसवेशचा गोफ थोडा लांब ठेवला. दोन्ही गळ्यात घातले.

आप्पांचे गुडघे गेलेले, ते येणं शक्यच नव्हतं. जा म्हणाले नाहीत, नको म्हणाले नाहीत. निघायच्या दिवशी मात्र दुकानाच्या फळीवर हात ठेवून, रस्त्याकडं बघत बोलले. "पडलाय कसा, तेवढं बघ. माझ्या डोळ्यांम्होरं तो रोज आडवाच येतोय."

गणपती बुडाले आणि दोघं निघाली. मिरजेहून दिल्लीची गाडी, तिथून डोंगरातली बस, बस संपली तिथून पाय. मेहरुन्निसानं खोबऱ्याची चटणी दिली होती आणि नव्या पातेल्यात केलीय असं अव्वाला सांग म्हणून तीन वेळा बजावलं होतं. शांतादेवीनं ती चटणी बर्फाच्या पाण्यात भिजवलेल्या चुरमुऱ्यांबरोबरसुद्धा खाल्ली. मागच्या वर्षीचाच वाटाड्या मीरासाबनं एसटीडीवरून गाठून ठेवला होता, तो आणि त्याचा भाऊ बरोबर होते. पावसाळ्यानंतर वरचा नवा बर्फ वितळतो, भेगा उघड्या पडतात, जागा मी दाखवतो, असं तो म्हणाला होता. माणूस दिसेल असं तो म्हणाला नव्हता.

गवत संपलं, झाडं त्याच्या आधीच संपली होती. पुढं नुसता दगडांचा ढीग, आभाळापर्यंत. एक पाऊल वर टाकावं तर अर्धं खाली घसरायचं. दुकानात ज्वारीच्या पोत्यांची थप्पी ढासळलेली असताना तिच्यावर चढावं, तसं. शांतादेवी मीरासाबच्या टाचांकडं बघत चालायची. वर बघायचं नाही, असं तिनं ठरवलंच होतं. वर बघितलं की डोंगर आणखी लांब जायचा. श्वास घशापर्यंत यायचा आणि तिथूनच माघारी फिरायचा. मध्येच मीरासाब थांबायचा, तिला वाटायचं आपल्यासाठी थांबला. मग तिच्या लक्षात आलं की त्याचंच पाऊल पुढं पडत नाहीये. ज्या तंबूच्या जागेवर तो मागच्या वर्षी ओकत पडला होता, ती जागा आली होती.

"हितंच," तो म्हणाला.

तिनं त्या जागेवर आपलं बोचकं ठेवलं आणि म्हणाली, "मग हितंच तंबू मार. दुसरीकडं कुठं सपाट हाय?"

दुसऱ्या दिवशी उजाडायच्या आत शेवटचा चढ लागला. दोन काळ्या कड्यांमधून वर गेलेली बर्फाची नळी, भिंतीला टेकवलेल्या शिडीसारखी उभी. वाटाड्या कुऱ्हाडीनं पायऱ्या खोदत पुढं, त्याच्यामागं दोरानं बांधलेली शांतादेवी, मग मीरासाब, शेवटी वाटाड्याचा भाऊ. पाऊल ठेवायचं, टाच घट्ट करायची, दुसरं पाऊल. पाय घसरला की कंबरेचा दोर ओढायचा आणि ती बर्फावर पोटानं आपटायची. आपटली की दोन्ही डब्या छातीत रुतायच्या. दुखायचं. पोरानं डबी का काढली, हे तिला तिथं कळलं, आणि त्याच्यावर वर्षभर धरलेला एक बारीकसा राग तिथंच गळून पडला.

एका काळ्या खडकाशी ती टेकली. वाटाड्यानं तिचे ओठ बघितले, नखं बघितली. ती त्याला कानडीत काहीतरी सांगत होती. तिच्या माहेरच्या विहिरीबद्दल होतं, आणि तो हिमाचली माणूस मान डोलावत होता. मग त्यानं मीरासाबला बाजूला घेऊन सांगितलं की माताजी आता खाली, लगेच, नाहीतर आणखी एक राहील. भेग त्या खडकावरूनच दिसत होती. नळीच्या माथ्याशी, पांढऱ्यावर निळी रेघ. बोट दाखवावं इतकी जवळ आणि शांतादेवीला कधीही न मिळण्याइतकी लांब.

तिनं विनवण्या केल्या. उठायचा प्रयत्न केला आणि गुडघ्यांवर बसली. मग बराच वेळ त्या निळ्या रेघेकडं बघत राहिली.

"मीरा, तू जा."

"मी कसं, अव्वा? मी हात लावायचा नसतो."

"एकदा धरलंस ते धरलंस. त्यानं तुझ्याच हातात दिल्तं न्हवं? मग त्याला तूच दे."

तिची बोटं लाकडासारखी झाली होती. स्वेटरवर स्वेटर, शाल, साडी. गोफ मीरासाबलाच शोधावा लागला. तो डोळे गच्च मिटून चाचपडत होता. "डोळं उघड की," ती म्हणाली. "तुझ्या आईच्या वयाची हाय मी. आन् खालची घे. लांब गोफाची, ती त्याची." त्यानं हाताला आली ती खालची डबी ओढून काढली. तिनं ती त्याच्या गळ्यात घातली, स्वेटरच्या आत सारली, वरून थोपटली.

जाऊन लगेच माघारी यायचं, या अटीवर वाटाड्या तयार झाला, आणि तो नि मीरासाब वर गेले. वाटाड्याचा भाऊ तिचे हात चोळत खडकाशी बसून राहिला. दोन ठिपके रेघेपाशी पोचले. त्यातला एक आडवा झाला आणि तसाच पडून राहिला, इतका वेळ की शांतादेवीनं श्वास घ्यायचं सोडलं. मग तो उठला.

खाली आला तेव्हा मीरासाबच्या भुवयांवर बर्फ होता आणि तो लहान पोरासारखा रडत होता. "टाकलं न्हाय, अव्वा. पोटावर निजलो, हात खांद्यापातुर आत घातला, आन् मग सोडलं."

"दिसला काय?"

"न्हाय. निळं हाय निस्तं. अरुंद हाय."

तिनं त्याच्या तोंडावरचा बर्फ पदरानं पुसला.

त्या दिवशी तंबूत ती मेल्यासारखी झोपली. सकाळी ऊन आलं, डोकं जाग्यावर आलं, तेव्हा तिनं तांब्यातल्या पाण्यानं हात धुतले आणि पूजेसाठी गळ्यातली उरलेली डबी सवयीनं, न बघताच उघडली. लिंग तळहातावर घेतलं आणि अंगठा ठेवला. अंगठ्याला ते आपलं लागेना. तिच्या लिंगाची कांती, म्हणजे वरचा काळा लेप, एका बाजूनं रोजच्या पूजेनं झिजून गुळगुळीत झाली होती. हे तिच्या वर्षभराच्या पूजेनंतरही कोरंच होतं. पोरगा कुठला रोज पूजा करायला.

चढताना, आपटताना गोफ एकमेकांत पिळले गेले होते. खालची ती वर आणि वरची ती खाली. तिचं स्वतःचं लिंग, आठ वर्षांची असताना गुरूंनी हातात दिलेलं, प्राण गेला तरी सोडायचं नाही म्हणून आईनं बजावलेलं, ते वर त्या निळ्या भेगेत गेलं होतं. आणि ज्याच्यासाठी ती इतकी चढून आली होती ते इथं तिच्या तळहातावर होतं.

बाहेर मीरासाब चहा करत होता. मोडक्या हिंदीत वाटाड्याच्या भावाला तांबडा रस्सा कसा करतात ते समजावत होता. त्या बिचाऱ्याला तिखटाचं प्रमाण खरं वाटेना, आणि मीरासाब हसला. वर्षात पहिल्यांदा हसला. शांतादेवीनं तंबूच्या फटीतून ते पाहिलं. आत्ता हाक मारली असती, सांगितलं असतं, तर तो चहा टाकून पुन्हा ती नळी चढला असता. तेच तिला नको होतं. एक पोर कितीदा वर पाठवायचं?

तिनं त्या कोऱ्या लिंगाची पूजा केली. इतकी मन लावून त्याची पूजा तिनंही वर्षभरात केली नव्हती. मग डबी बंद केली, गळ्यात घातली आणि चहात साखर जास्त घालतोस म्हणून मीरासाबला बोल लावत बाहेर आली.

कोल्हापुरात पोचली त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी दोघं नवरा-बायको पूजेला बसली. आप्पांनी काल काही विचारलं नव्हतं. दिलंस का, एवढंच, आणि ती हो म्हणाली होती. तिनं डबी उघडली तशी त्यांची नजर गेली. ती डबी त्यांनी स्वतः गुजरीत सोनारासमोर उभं राहून घडवून घेतली होती.

"ही तर त्याची."

"व्हय."

"मग तुझं?"

"त्याच्यापाशी."

आप्पांनी हातातला तांब्या खाली ठेवला. बाहेर भाजीवाली ओरडून गेली, तिच्यामागून दुधाची सायकल गेली. मीरासाबला ठाऊक आहे का, असं त्यांनी विचारलं. ती म्हणाली, नाही, आणि कळताही कामा नये. ते म्हणाले, माझ्या तोंडून नाही कळायचं. ती गेल्यावर तिच्या हातात काय द्यायचं, हा हिशेब त्यांच्या मनात चाललाय हे तिला दिसत होतं, आणि त्याचं उत्तर तिच्या तळहातावरच होतं.

"जागा कशी हाय?" शेवटी त्यांनी विचारलं.

"अरुंद हाय म्हणत हुता मीरा."

"किती अरुंद?"

"हात घालता ईल एवढी."

आप्पांनी दोन्ही तळहात समोरासमोर धरून अंतर करून पाहिलं. जरा कमी केलं. "मग निजायला न्हाय यायचं तिथं."

भेग आत किती रुंद होत गेली होती, ते मीरासाबलाही दिसलं नव्हतं.

"न्हाय," शांतादेवी म्हणाली.

"बसलाच असंल मग."

"बसलाच असंल."

त्यांनी मान हलवली, पुन्हा हलवली, आणि तांब्या उचलून तिच्या तळहातावर पाणी घालू लागले. पाणी लिंगावरून, बोटांमधून, तिच्या मांडीवर सांडत राहिलं, आणि तिनं हात हलवला नाही.