घशात काहीच दिसत नाही

पडदे आणि सोफ्याची कव्हरं शिवायचा त्या घरचा धंदा होता. पुढच्या खोलीत दुकान, मागे बिऱ्हाड. दोघी जावा समोरासमोरच्या मशीनवर बसायच्या. थोरलीच्या हाताला सफाई होती, पण गिऱ्हाईक हसून बोलायचं ते धाकटीशी. सासूबाईंच्या तोंडीही सतत धाकटीचंच नाव. ते ऐकलं की थोरलीच्या मशीनचा आवाज वाढायचा.

त्या वर्षी थोरलीला थायरॉइडचा त्रास निघाला. छातीत धडधड, हाताला कंप. शिवण वाकडी जायला लागली. डॉक्टरबाईंनी गोळ्या दिल्या आणि बजावलं, "क्वचित कुणाला या गोळ्या बाधतात. ताप आला किंवा घसा दुखला, तर गोळी बंद करायची आणि तडक रक्त तपासायला यायचं. वाट बघत बसायचं नाही."

कंप थांबला. थोरली पुन्हा कामाला लागली, आणि मग धाकटीचा घसा दुखायला लागला.

सासूबाईंनी टॉर्च लावून बघितलं आणि घर डोक्यावर घेतलं. "अगं बाई, केवढा सुजलाय! पांढरे ठिपके बघा!" धाकटीचा नवरा औषध आणायला पळाला. थोरलीच्या नवऱ्यानेसुद्धा विचारलं, "तिला बरं आहे का आता?" शिवणकाम सगळं थोरलीच्या अंगावर पडलं. धाकटी आतल्या खोलीत पांघरूण घेऊन, आणि सासूबाई वाफेचं पातेलं घेऊन तिच्या उशाशी.

मग थोरलीचाही घसा दुखायला लागला. गिळताना काचा टोचल्यासारखं व्हायचं.

"बघू, आ कर," सासूबाई म्हणाल्या. "काही नाही गं. जरासा लाल आहे. धाकटीचा बघायला हवा होतास."

थोरलीने तोंड मिटलं. डॉक्टरबाईंचं बोलणं तिला आठवत होतं. पण आता घसा घसा करत बसलं, तर सगळे म्हणतील, हिला धाकटीचं आजारपणसुद्धा बघवत नाही. ती गोळी घेत राहिली, आणि अंगात कणकण असताना लांबच्या लांब पडद्याला चुण्या घालत राहिली.

धाकटी उठून मशीनवर येऊन बसली त्याच दुपारी थोरली कापड बेतता बेतता खाली कोसळली. धाकटीने तिच्या कपाळाला हात लावला आणि चटका बसल्यासारखा मागे घेतला. "भाऊजी, गाडी काढा! ताईंचं अंग भाजतंय!"

दवाखान्यात रक्त तपासलं. डॉक्टरबाईंचा चेहरा उतरला. थोरलीला काचेच्या दाराच्या खोलीत एकटीला ठेवलं, सलाइनमधून औषधं सुरू केली.

"गोळीने तुमच्या पांढऱ्या पेशी जवळजवळ संपवल्यात," त्या म्हणाल्या. "जंतू शिरला की सगळ्यात आधी धावतात त्या पेशी. त्यांना काही शिकवावं लागत नाही, जन्मापासून तयार असतात. जंतूला गिळतात आणि बऱ्याचशा तिथेच मरतात. पू म्हणजे मुख्यतः तेच. सूज येते तीही त्यांना वाट करून द्यायला."

"पण माझ्या घशात काहीच दिसत नव्हतं."

"लढायला कुणी नव्हतंच, मग दिसणार काय? जंतूंना मोकळं रान होतं."

थोरलीने घोगऱ्या आवाजात विचारलं, "माझ्या जावेला आहेत का त्या पेशी?"

"तिचा घसा बरा झाला ना? म्हणजे भरपूर असणार."

भरपूर! रूप झालं, गोड बोलणं झालं, सासू झाली. आता रक्तातही हिच्याकडेच भरपूर. काचेपलीकडे धाकटी तोंडाला फडकं बांधून उभी होती. घसा नुकताच बरा झालेला, म्हणून तिला आत सोडत नव्हते. ती हात हलवत होती. थोरलीने भिंतीकडे तोंड फिरवलं.

पेशी वाढायची इंजेक्शनं सुरू झाली. काही दिवस काहीच फरक नाही. मग एका सकाळी घसा असा ठणकला, की थोरलीच्या डोळ्यांतून पाणी आलं. वाटलं, संपलं. डॉक्टरबाईंनी घसा बघितला आणि त्या चक्क हसल्या.

"सुजलाय! पांढरंही धरलंय. आल्या बघा तुमच्या पेशी. रक्तातही दिसताहेत."

थोरलीने आरसा मागून घेतला आणि पडल्या पडल्या आपला लालभडक, ओंगळ घसा डोळे भरून बघितला. इतकं समाधान तिला नव्या साडीतही कधी वाटलं नव्हतं.

घरी आल्यावर काही दिवसांनी दोघी दुकानात होत्या. धाकटी सुईत दोरा ओवत म्हणाली, "ताई, एक विचारू? डॉक्टरबाईंनी सांगून ठेवलं होतं, तरी तुम्ही बोलला का नाहीत?"

"तुझ्यामुळे," थोरली म्हणाली. "सगळे तुझ्याभोवती होते. मला ते सहन होत नव्हतं. मी तुझ्यावर जळते, पहिल्यापासून."

धाकटीने सुई खाली ठेवली. "म्हणजे तुमचं बरंवाईट झालं असतं तर त्याचं कारण मी? आणि मला ते कधी कळलंही नसतं?" तिचा आवाज चढला. ती उठून आत गेली. संध्याकाळपर्यंत तिचं मशीन बंद होतं.

जेवताना ती थोरलीकडे न बघता म्हणाली, "जळायचं तर जळा. पण दुखलं की आधी मला सांगायचं."

त्या गोळ्या थोरलीला कायमच्या वर्ज्य झाल्या. पुढे थायरॉइडचं ऑपरेशन करायचं ठरलं, आणि त्या वेळी सोबतीला धाकटीच राहिली. गळ्याला पट्टी बांधून थोरली पडलेली असताना नर्स धाकटीकडे बघत म्हणाली, "किती गोड आहे हो तुमची बहीण!"

"जाऊ आहे," थोरली म्हणाली. इथेही हिचंच कौतुक! तरी तिने कॉटवर जरा सरकून धाकटीला बसायला जागा करून दिली.