डावं पुढचं चाक

टायरच्या व्हॉल्व्हचं ते काळं, शेंगदाण्याएवढं टोपण तिच्या तळहातावर होतं आणि तळहात घामेजला होता. "धरा ताई, हरवतंय लई," म्हणून पंक्चरवाल्या कासमभाईंनी ते तिच्याकडे दिलं होतं, नि आता ते डाव्या पुढच्या चाकापाशी उकिडवे बसून हवा मोजत होते. चौसाळा सोडल्यापासून गाडी डावीकडे ओढत होती... की आपल्यालाच तसं वाटत होतं? प्रणिताला खात्री नव्हती. गेल्या उन्हाळ्यात कपिलधारहून परतताना टायर फुटून तिचा नवरा सोमेश्वर गेला, तेव्हापासून तिला कुठल्याही चाकाखाली काहीतरी फाटल्याचा आवाज यायचा. तरी ती गाडी शिकली – घरात चालवणारं दुसरं उरलंच नव्हतं – आणि आज सासूबाईंना डोळ्याच्या ऑपरेशनला बीडला नेत होती.

"तेहतीस पायजे, हितं अठराच हाय."

म्हणजे भास नव्हता. तिला क्षणभर बरंच वाटलं.

मागच्या सीटवरून सासूबाईंनी, सुभद्राबाईंनी विचारलं, "हवा कमी असली तर फुटतंय का रे बाबा?"

नका सांगू, प्रणिता मनात म्हणाली. वर्षभर अख्खं घर एकाच वाक्याच्या टेकूवर उभं होतं – त्याची वेळ आली होती. आल्यागेल्याने तेच म्हणायचं, सासूबाईंनी मान हलवायची, आणि तिने चहा ठेवायला आत जायचं...

"फुटतंय की मावशी. टायर दबून चालतंय, मग तापतंय. उन्हाळ्यात तर लईच. पंधरा दिवसाला बघितलं की काय व्हत न्हाई." कासमभाई हवा भरत सहज बोलून गेले, त्यांना काय माहीत.

सुभद्राबाईंनी खिडकीची काच वर केली.

गाडी पुन्हा रस्त्याला लागली. स्टिअरिंग सरळ होतं, पण आता तिला रस्त्याची नव्हे, मागून येणाऱ्या प्रश्नाची धास्ती होती. सोमेश्वर गेला त्या सकाळी तिनेच म्हटलं होतं, चाक बसल्यासारखं दिसतंय, आणि तो हसून, गाडी सुरू करत – "चालतंय गं, कावून घाबरायलीस?" हे तिने कुणालाच सांगितलं नव्हतं.

"त्याला कधी थांबायचंच नसायचं," मागून आवाज आला. कोरडा, जवळजवळ कडक.

प्रणिताने आरशात पाहिलं. सासूबाई खिडकीबाहेर बघत होत्या.

आता रडू येईल असं प्रणिताला वाटलं, पण आलं ते रडू नव्हतं. मला राग आलाय, तिला कळलं – त्याचा, त्या हसण्याचा. वर्षभर या रागाला आपण भीती म्हणत होतो... आणि आता, शेजारून ट्रक घोंघावत जात असताना, एवढ्या रागाचं करायचं काय, हे तिला मुळीच सुचत नव्हतं.