चष्मेवाल्याची लेक

चष्मेवाल्याची बायको भारी संशयी. घरात दूध उतू गेलं, तरी पुसायचं सोडून आधी विचारणार, "गॅस मोठा कुणी केला?" आणि आता तर प्रश्न पोरीच्या डोळ्यांचा होता. दुसरीत असल्यापासून पोरीला चष्मा, आणि दर तपासणीला नंबर आपला वाढलेलाच. शेजारीण एकदा हसत म्हणाली, "काय गं, चष्मेवाल्याच्याच घरी दिव्याखाली अंधार!" ते हिच्या फार जिव्हारी लागलं.

डॉक्टरीणबाईंनी सांगितलेलं ती सगळं करत होती. झोपताना डोळ्यांत थेंब घालायची, संध्याकाळी पोरीला मैदानावर पिटाळायची, मोबाइलला हात लावू द्यायची नाही. तरी नंबर वाढतो, म्हणजे पाणी कुठेतरी मुरतंय! आणि मुरवणार कोण, तर ही टिटवी. दिवसभर कलकलाट करते म्हणून पोरीला घरात टिटवीच म्हणत. आईने तिची उशी उचलून पाहिली, दप्तर उपसलं, एकदा तर पांघरूणच ओढून काढलं. मोबाइल काही सापडला नाही. सापडलं गोष्टीचं पुस्तक. झालं! सगळी पुस्तकं कपाटात गेली आणि किल्ली आईच्या पर्समध्ये.

"आई, मला फळ्यावरचं दिसतच नाही गं," टिटवी म्हणायची.

"चष्मा लावून दिसत नाही? नाचता येईना अंगण वाकडं!"

मग शाळेतून तक्रार आली, तुमची मुलगी बाकावरच्या मैत्रिणीच्या वहीत बघून लिहिते. त्या दिवशी टिटवीच्या पाठीत धपाटा बसला आणि वर 'खोटारडी' हे बिरुद मिळालं. तिचा कलकलाट हळूहळू बंद झाला. आईला त्याचाही संशय आला.

या खेपेला दवाखान्यात तपासणाऱ्या बाई नव्या होत्या. त्यांनी टिटवीच्या नाकावरचा चष्मा काढून सरळ यंत्राखाली धरला. "अहो, या काचा कमी नंबरच्या आहेत. आम्ही लिहून दिला त्यापेक्षा बऱ्याच कमी. कुठून केलात?"

आईने चष्मा हातात घेऊन उलटसुलट करून पाहिला. कुठून केला म्हणे!

डॉक्टरीणबाई आतून आल्या. "असं करू नका हं. कमी नंबर देऊन वाढ थांबत नाही. उलट नंबर जास्तच वाढू शकतो."

घरी जाता जाता आईच्या डोक्यात नुसता भुंगा. चूक झाली म्हणावी, तर नवरा एकेक काच चारचारदा तपासून बसवणारा. मग काय, पडून राहिलेल्या काचा पोटच्या पोरीच्या माथी मारल्या? नाही नाही ते मनात आलं. घराकडे न वळता तिने टिटवीचा हात धरला आणि दुकान गाठलं.

"हा कितीचा आहे?" तिने चष्मा काउंटरवर ठेवला.

नवरा आधी ताकास तूर लागू देईना. "असेल थोडा इकडे तिकडे."

"यंत्रावर लावून बघितलाय त्यांनी. मला उल्लू बनवू नका."

तसा तो ताठ झाला. "मुद्दाम कमी दिलाय. हे दुकान उभं करणाऱ्या अण्णांनी शिकवलंय मला. लहान पोरांना पुरता नंबर दिला की डोळे लाडावतात. पोरीच्या भल्यासाठीच केलं ना?"

"भलं? डोळे गेले असते म्हणजे कळलं असतं तुमचं भलं! पुरता नंबर लावा तिला. आत्ता, माझ्यासमोर."

त्याने तपासणीची जड फ्रेम टिटवीच्या नाकावर चढवली आणि एकेक काच सरकवली. टिटवी दाराबाहेर बघत राहिली. मग हळूच म्हणाली, "औषधांच्या दुकानावर खाली बारीक पण लिहिलंय. दुपारी बंद." आणि वळून आईला विचारलं, "मग मी खोटारडी नव्हते ना?"

आईला रडूच कोसळलं. तिने पोरीला पोटाशी धरलं. "नाही गं राणी. मीच वेडी. साप साप म्हणून भुई धोपटत बसले."

चष्मेवाला खाली मान घालून स्वच्छ काउंटर पुसत होता. ते बघताना तिच्या मनात पुन्हा पाल चुकचुकली.

"अहो, हे फक्त हिच्याच चष्म्याला केलंत ना?"

तो पुसतच राहिला.

"आमच्या वर्गातले सगळे चष्मे बाबांनीच केलेत," टिटवी म्हणाली.