सैल झाकण

"मेलं हे झाकण! दोन धड हात असते तर याची मानच मुरगळली असती," भावजय घनता मोजायच्या यंत्रापाशी पुटपुटली.

शेजारी नळ्या पुसणाऱ्या नणंदेनं ऐकून न ऐकल्यासारखं केलं. भावजय वन्सं म्हणते म्हणून प्रयोगशाळेतले सगळेच तिला वन्सं म्हणत. प्रयोगशाळा तिच्या धाकट्या भावाच्या हाताखाली, भावजयीच्या नवऱ्याच्या.

भावजयीचं उजवं मनगट टम्म सुजलं होतं. "जिन्यात पडले," तिनं सकाळी सांगितलं आणि सगळ्यांनी माना डोलावल्या. वर्षभरात जिन्यानं तिला बरंच पाडलं होतं. घर मात्र तळमजल्यावरचं.

बाटलीत मीठच होतं, पण साध्या हवेतही वितळलेलं, तेलासारखं वाहणारं. ते मेथनॉलमध्ये मिसळलं की पेला अधिक पेला दोन पेले भरत नाहीत, जरा कमीच भरतात. किती कमी, तेच मोजायचं. पण हे मीठ भलतं तहानलेलं. झाकण सैल राहिलं की हवेतली ओल पिऊन बसतं आणि घनता उतरते. डाव्या हातानं लावलेलं झाकण सैलच राहिलं.

दुपारी भाऊ आला, आकडा पाहिला.

"ओल शिरलीय. झाकण कुणी लावलं?"

"मी," भावजय म्हणाली.

त्यानं नेमकं तेच मनगट धरून पिरगाळलं. ती किंचाळली. त्यानं लोखंडी स्टँड उचलला. पहिला घाव खांद्यावर, दुसरा कानावर. बाटली फुटली, ते चिकट मीठ फरशीवर पसरलं आणि त्यात रक्त दोरीसारखं उतरत गेलं. तराजूपाशी वजनं करणारा सहकारी तराजूच्या काट्याकडेच बघत राहिला, जणू काटाच ओरडत होता.

तिसरा घाव वन्संच्या कोपरावर बसला, कारण ती मधे घुसली होती. हाड वाजलं. तरी तिनं स्टँड पकडला. दुसऱ्या हातानं हिसकावून खिडकीबाहेर फेकला.

"ताई, तू मधे पडू नकोस!" भाऊ धापा टाकत होता. मग आवाज एकदम लहानपणीचा झाला. "डॉक्टर येतील. नेहमीचं सांग ना."

इमारतीतल्या डॉक्टरीणबाई धावत आल्या. "काय झालं?"

"त्या... जिन्यात," तराजूवाल्यानं सवयीनं सुरुवात केली.

"पडले," रक्ताळल्या ओढणीआडून भावजय.

वन्संनं भावाकडे पाहिलं. याला आपणच कडेवर खेळवलं होतं. आज तो घाव कानाऐवजी कानशिलावर बसला असता, तर उद्या ती जिन्यात पडून मेली म्हणून सांगायचं होतं?

"झाकण सैल राहिलं, कारण काल यानंच तिचं मनगट मोडलं," ती म्हणाली. "ती एकदाही पडलेली नाही, डॉक्टर. माझा भाऊ तिला मारतो."